सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंच: एंडोमेट्रिओसिसचं निदान कसं होतं

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘नो सिग्निफिकंट ॲबनॉरमॅलिटी’ अशी एक ओळ असते. ती वाचली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. जिचं पोट दुखत असतं तिला मात्र रडू फुटतं, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा दुखणार हे तिला ठाऊक असतं आणि आता आपलं कुणी खरं मानणार नाही हेही कळून चुकलेलं असतं.

इंदुरात रामबागेपासून राजेंद्र नगरापर्यंत आपल्या किती घरांत असा नॉर्मल रिपोर्ट फायलीत पडून असेल, सांगता येत नाही. भंवरकुआँच्या होस्टेलात राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या खंडवा-बुऱ्हाणपूरच्या मुली तर महिन्याचे दोन-तीन दिवस खोलीत पालथ्या पडून काढतात आणि घरी फोनवर ‘ठीक आहे’ म्हणतात. दर मार्चमध्ये एंडोमेट्रिओसिसचा जागृती महिना येतो, पिवळ्या फिती दिसतात, पेपरात चार ओळी येतात. आजाराचं नाव आता बऱ्याच जणींनी ऐकलेलं आहे. पण ‘मला तोच असेल का, आणि असला तर शोधायचा कसा?’ इथे गाडं अडतं.

हा आजार आहे तरी काय

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही तर रक्ताबरोबर गळून बाहेर येतं. हीच पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. बीजकोषांवर, गर्भनलिकांवर, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत त्या जास्त करून सापडतात. कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर, कधी सिझेरियनच्या जुन्या व्रणात, आणि फारच क्वचित छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरही.

या पेशी हार्मोन्सना प्रतिसाद देतात. त्यामुळे आजूबाजूला सूज येते, ती सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण पडतात, आणि एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव चिकटून बसतात. बीजकोषात जुनं रक्त साठून गडद तपकिरी गाठ झाली तर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. असंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलं तर त्याला ‘ॲडेनोमायोसिस’ असं वेगळं नाव आहे. दोन्ही एकाच बाईला असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे. जगभरात तो आकडा १९ कोटींच्या आसपास जातो. इतका सामान्य असूनही पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत कित्येक वर्षं निघून जातात, आणि ही रड केवळ आपल्याकडची नाही, श्रीमंत देशांतही तीच गत आहे.

का होतो, याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. १९२० च्या दशकात जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं उलटं रक्त बहुतेक सगळ्याच स्त्रियांच्या पोटात जातं, आजार मात्र थोड्याच जणींना होतो. म्हणजे अनुवंश आणि रोगप्रतिकारशक्ती यांचाही त्यात हात आहे. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता वाढते. पाळीत केस धुतल्याने, दही-चिंच खाल्ल्याने, थंड पाण्याने किंवा उशिरा लग्न केल्याने हा आजार ‘लागत’ नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण दुखणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न बहुधा ‘काय खाल्लं होतंस?’ असाच येतो.

‘आमच्याही वेळी दुखायचं की’

दुखायचं, खरं आहे. पाळीत गर्भाशय आकुंचन पावतं, त्यासाठी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांनी कळा येतात. असं दुखणं साधारण पहिल्या एक-दोन दिवसांचं असतं, गोळीने आणि शेकाने आटोक्यात येतं, आणि मुलगी थोडी मलूल असली तरी कॉलेजला जाऊ शकते.

शंका घ्यावी ती याच्या पलीकडच्या दुखण्याची. दर महिन्याला शाळा किंवा ऑफिस बुडतं. पाळीच्या दोन-चार दिवस आधीपासून ओटीपोट आणि कंबर भरून येते आणि पाळी संपल्यावरही सुटत नाही. गोळी घेऊनही उलट्या होतात, उठवत नाही. पाळीच्या दिवसांत शी करताना आतून सुरी फिरल्यासारखं वाटतं, लघवीला जाताना कळ येते. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं आणि नंतरही दुखत राहतं. पोट फुगून सलवारीची नाडी सैल करावी लागते. वर्ष होऊन गेलं तरी दिवस राहत नाहीत. आणि या सगळ्यावर असा थकवा, जो झोपून जात नाही. सगळ्या तक्रारी एकीलाच असतील असं नाही, पण यातल्या दोन-तीन असतील आणि त्या पाळीच्या तालावर वरखाली होत असतील, तर ‘बाईच्या जातीला दुखायचंच’ या वाक्याशी थांबू नये.

आणि ‘आमच्याही वेळी दुखायचं’ हे वाक्य मुलीला गप्प करायला वापरलं जातं, पण डॉक्टरांच्या कामाची माहिती त्यातच असते. आईला पाळीत अंथरूण धरावं लागत होतं, मावशीची ‘चॉकलेटची गाठ’ काढली होती, आत्याला मूल झालं नाही आणि कारण कुणी शोधलंच नाही, हा घराण्याचा इतिहास आहे. तो तपासणीच्या खोलीत सांगितलाच पाहिजे.

रिपोर्ट नॉर्मल का येतो

सोनोग्राफीत गाठ दिसते, जाड झालेली भिंत दिसते. चॉकलेट सिस्ट तर बहुतेक वेळा स्पष्ट ओळखू येते. पण पोटाच्या आवरणावर पसरलेले लहान, पातळ, चपटे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत, एमआरआयमध्येही सहसा दिसत नाहीत. आणि दुखणं डागाच्या आकाराच्या हिशोबाने येत नाही. डॉक्टर या आजाराच्या पहिली ते चौथी अशा चार पायऱ्या मानतात, पण पहिल्या पायरीवरची एखादी बाई कळांनी लोळते आणि चौथ्या पायरीवरचीला मूल होत नाही म्हणून तपासेपर्यंत पत्ताही नसतो.

दुसरं कारण सोनोग्राफी कशी झाली यात आहे. भरल्या मूत्राशयावर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत खोलवरचं फारसं कळत नाही. योनीमार्गातून केलेल्या, म्हणजे बोलीत ‘आतल्या’ सोनोग्राफीत खूप जास्त कळतं. त्यातही करणाऱ्याची नजर या आजारासाठी तयार असावी लागते. गर्भाशय आणि आतडं एकमेकांवर सरकतात की चिकटले आहेत हे सोनोग्राफी चालू असताना प्रोबने हलकेच दाबून पाहता येतं, पण ते मुद्दाम बघावं लागतं. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटात दुखतं’ लिहिलं असेल तर मुतखडा आणि अपेंडिक्स बघून रिपोर्ट हातात येतो. म्हणून चिठ्ठीवर ‘एंडोमेट्रिओसिसची शंका’ असं लिहून द्या, अशी डॉक्टरांना विनंती करावी. एवढ्या दोन शब्दांनी तपासणीची दिशा बदलते.

लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत आपल्याकडे आतली सोनोग्राफी सहसा करत नाहीत. घरच्यांचाही विरोध असतो. पण मग ‘पोटावरून केली आणि काही निघालं नाही’ यावर प्रकरण मिटवू नये. गुदमार्गातून सोनोग्राफी करता येते, एमआरआय करता येतो, आणि मुलीची संमती असेल तर आतली तपासणीही करता येते. निर्णय तिचा आहे. सज्ञान मुलीच्या वतीने आईने ‘नको नको’ म्हणून टाकणं मला पटत नाही.

मग दुर्बीण घालूनच बघायचं का

पूर्वी असंच मानत. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघायचं, संशयित तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि मगच नाव द्यायचं. या शस्त्रक्रियेला लॅप्रोस्कोपी म्हणतात. कित्येक जणींचं निदान लांबतं ते यामुळेही, कारण नुसतं ‘बघायला’ म्हणून ऑपरेशन कोण करून घेणार?

२०२२ मध्ये प्रजननविज्ञानाच्या ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेने आपली मार्गदर्शक सूत्रं बदलली. दुर्बिणीची तपासणी आता निदानाची पहिली अट राहिलेली नाही. तक्रारी जुळत असतील तर डॉक्टरांनी त्या ऐकून, तपासून, चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय करून उपचार सुरू करावेत, आणि चित्रात काही दिसत नसेल, औषधांचा उपयोग होत नसेल किंवा ती देता येत नसतील तेव्हा दुर्बिणीचा विचार करावा, असा त्याचा आशय. म्हणजे नॉर्मल सोनोग्राफी हातात असूनही उपचार सुरू होऊ शकतात, आणि तसं करणारे डॉक्टर घाई करत नाहीत.

इथे एक रास्त शंका निघते: ‘नक्की माहीत नसताना औषध कसं घ्यायचं?’ डोकेदुखीचं उदाहरण पुरेसं आहे. मायग्रेनचं निदानही मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं आणि आपण ते मुकाट मान्य करतो. मात्र एक सावधगिरी हवी. गोळ्यांनी बरं वाटलं म्हणजे आजार एंडोमेट्रिओसिसच होता असं सिद्ध होत नाही, आणि नाही वाटलं म्हणजे तो नव्हताच असंही नाही. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बसून विचार करावा लागतो.

सीए-१२५ नावाची रक्ताची तपासणी पुष्कळदा लिहून दिली जाते. एंडोमेट्रिओसिसमध्ये ती वाढू शकते, पण फायब्रॉइडमध्ये म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये, जंतुसंसर्गात, टीबीत आणि साध्या पाळीतही वाढते. एश्रेची सूत्रं ती निदानासाठी वापरू नये असंच सांगतात. ही तपासणी कर्करोगाच्या संदर्भात ऐकलेली असल्याने आकडा जरा वाढलेला दिसला की घरात रडारड होते. एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नाही. बीजकोषाच्या काही कर्करोगांचा धोका या आजारात थोडा वाढतो, पण बहुसंख्य स्त्रियांना तो कधीच होत नाही.

सारखं ओटीपोट दुखण्याची दुसरीही कारणं असतात हे विसरू नये. आपल्या देशात जननेंद्रियांचा टीबी हे त्यातलं महत्त्वाचं कारण. शिवाय गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग, मूत्राशयाचा जुनाट दाह, आतड्यांचा चिडखोरपणा म्हणजे आयबीएस. कधी दोन आजार एकत्रही असतात. शौचावाटे रक्त पाळीपुरतंच जातं की एरवीही, हा फरक म्हणूनच नीट सांगावा लागतो.

डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णय घेऊन जा

या आजारात सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे रुग्णाने सांगितलेली हकिगत, आणि ती फुकट आहे. पण ओपीडीत नंबर लागतो तेव्हा पाच-सात मिनिटं मिळतात. मागे आणखी बायका उभ्या असतात, बोलणं हिंदीत करायचं असतं, शेजारी सासू किंवा वडील असतात, आणि मग तोंडातून एवढंच निघतं की ‘पेट में दर्द रहता है’. एवढ्यावर ॲसिडिटीची गोळी मिळते. डॉक्टरांचाही त्यात फार दोष नाही.

आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतोच. पाळीच्या तारखेला त्यावर खूण करण्याची सवयही कित्येक घरांत आहे, सण आणि सोवळं सांभाळायला का होईना. त्याच चौकोनात दोन-तीन महिने रोज एक आकडा लिहायचा: शून्य म्हणजे दुखलं नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं सोसवणारच नाही. शेजारी एकेक अक्षर. ‘र’ रक्तस्राव, ‘श’ शी करताना दुखलं, ‘ल’ लघवीला, ‘स’ संबंधाच्या वेळी, ‘ग’ गोळी घ्यावी लागली, ‘ब’ कॉलेज किंवा काम बुडलं. भिंतीवर लिहायला संकोच वाटत असेल तर वही किंवा मोबाइल चालेल. तीन महिन्यांचं हे पान समोर ठेवलं की डॉक्टरांना दुखणं पाळीच्या मागेपुढे कसं फिरतं ते एका नजरेत दिसतं, आणि रुग्णालाही स्वतःचं खरं पटतं. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्षानुवर्षं ‘तुझं आपलं काहीतरीच’ ऐकलेली बाई स्वतःच्या दुखण्यावरही शंका घ्यायला लागलेली असते.

सांगताना हात ठेवून जागा दाखवावी: नाभीच्या वर की खाली, मध्ये की एका बाजूला, मांडीत किंवा कमरेत उतरतं का. दुखण्याने काय काय बुडालं तेही सांगावं. ‘खूप दुखतं’पेक्षा ‘मागच्या सेमिस्टरला दोन पेपर बुडाले’ हे डॉक्टरांच्या टिपणात उतरतं. संबंधाच्या वेळच्या दुखण्याबद्दल घरच्यांसमोर कुणीच बोलणार नाही, म्हणून ‘मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय’ असं सांगायला लाजू नये. सोबत गेलेल्या आईने किंवा नवऱ्याने स्वतःहून बाहेर थांबावं. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत, नॉर्मल आलेलेसुद्धा.

सगळं ऐकून ‘लग्न कर, बरं होईल’ एवढाच सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणं यात कृतघ्नपणा नाही.

महालक्ष्म्यांना चालते ती गोळी, आजाराला का नको?

दुखणं कमी करायला पहिली औषधं म्हणजे मेफेनामिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्या. त्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून असह्य होईपर्यंत थांबून घेतल्या तर कमी लागू पडतात. पहिली चाहूल लागताच, पोटात अन्न असताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांना घ्यायच्या. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर आधी विचारायचं. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक ॲसिडबद्दल एक इशारा दिला होता. क्वचित काही जणांना ते घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप आणि गाठी सुजणं अशी गंभीर ॲलर्जी होते. तसं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. घाबरून औषध टाळण्याचं कारण नाही, पण मेडिकलवाल्याला विचारून महिनोन् महिने घेणंही बरोबर नाही.

पुढची पायरी हार्मोन्सची, आणि इथे घराघरांत विरोध उभा राहतो. ‘हार्मोनच्या गोळ्या कुमारिकेला?’ ‘सवय लागली तर?’ ‘पुढे मूल झालं नाही तर?’ एक गोष्ट आठवून बघा. महालक्ष्म्या बसायच्या असतात, घरात लग्न असतं, तेव्हा पाळी पुढे ढकलायची गोळी आपण बिनदिक्कत आणतो, पुष्कळदा चिठ्ठीशिवाय. ते औषध नॉरएथिस्टेरॉन. एंडोमेट्रिओसिसच्या उपचारात वापरतात त्यांपैकी एक औषध हेच. सणासाठी चालणारी गोळी दुखण्यासाठी चालत नाही, याचा विचार व्हायला हवा.

या उपचारांचा हेतू त्या पेशींना मिळणारं उत्तेजन कमी करणं हा आहे. डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज घेतात. पहिले काही महिने मधूनच डाग लागणं, डोकं दुखणं, मन उदास होणं असं होऊ शकतं, आणि नंतर पुष्कळ जणींची पाळी थांबते. औषधाने थांबलेल्या पाळीत ‘घाण आत साठत’ नाही, कारण अस्तर जाडच होत नाही. या मात्रेतली गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, हे लग्न झालेल्यांनी लक्षात ठेवावं. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या हा दुसरा पर्याय, पण डोळ्यांपुढे चमकून होणारी मायग्रेन, वाढलेला रक्तदाब किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर त्या चालत नाहीत. गर्भाशयात बसवायची हार्मोनची टी कित्येक वर्षं काम करते. पाळीच बंद पाडणारी महिन्याची किंवा तीन महिन्यांची इंजेक्शनं असतात. त्यांनी अंगात गरम वाफा येतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून ती मोजक्या काळासाठी, बहुधा थोडं हार्मोन परत जोडून देतात.

यातलं काहीही आजार मुळासकट उपटत नाही. औषध थांबवलं की दुखणं परतू शकतं. पण गोळ्या घेतल्याने वांझपण येत नाही. त्या थांबवल्यावर पाळी आणि गर्भधारणेची क्षमता परत येते.

‘एक मूल होऊ दे’ आणि ‘पिशवीच काढून टाका’

हे दोन्ही सल्ले मोठ्या प्रेमाने दिले जातात आणि दोन्हींनी नुकसान होतं.

गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींना त्या काळात आराम पडतो. तो टिकेलच असं नाही. केवळ आजार बरा व्हावा म्हणून मूल होऊ देण्याचा सल्ला देऊ नये, असं एश्रेची सूत्रं स्पष्ट सांगतात. ज्या मुलीला जवळिकीच्या कल्पनेनेच दुखण्याची धास्ती वाटते तिचं ‘औषध म्हणून’ लग्न लावून देणं तर क्रूरपणाच आहे. ज्यांना खरंच मूल हवं आहे त्यांनी हार्मोनच्या गोळ्यांनी क्षमता वाढेल अशी आशा धरू नये, त्या फक्त दुखण्यासाठी आहेत. पण वेळेत तज्ज्ञांना भेटावं. एंडोमेट्रिओसिस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना मूल होतं, काहींना आपोआप, काहींना उपचारांनी.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याने पाळी जाते. पण आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो. तिथले डाग राहिले तर दुखणंही राहू शकतं. सोबत बीजकोषही काढले तर तिशी-चाळिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात: वाफा, ठिसूळ हाडं, पुढे हृदयाचा धोका. मूल नको असलेल्या, इतर उपायांनी थकलेल्या आणि विशेषतः ॲडेनोमायोसिस असलेल्या काही जणींसाठी ही शस्त्रक्रिया योग्य ठरते. पहिल्याच भेटीत कुणी सुचवली तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नये.

दुर्बिणीने डाग आणि चिकटलेले भाग काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी. ती चांगल्या हातांनी झाली तर मोठा फरक पडतो. चॉकलेट सिस्ट काढताना बीजकोषातली निरोगी बीजंही थोडी जातात, म्हणून मूल हवं असेल तर आधी एएमएच ही रक्ताची तपासणी करून शिल्लक साठा किती आहे ते बघतात. सर्जनना सरळ विचारावं: डाग नुसते जाळणार की कापून काढणार, आतड्यावर काही निघालं तर आतड्याचे सर्जन सोबत असतील का, व्हिडिओ आणि तुकड्याचा रिपोर्ट मिळेल का, नंतर कोणतं औषध चालू ठेवायचं. लगेच मूल नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर हार्मोन चालू ठेवल्याने आजार परतण्याची शक्यता कमी होते.

सगळं केलं, तरी दुखतंच. म्हणजे मनाचं आहे का?

सहा महिन्यांहून जास्त काळ दुखत राहिलेलं ओटीपोट हे हळूहळू वेगळंच प्रकरण होतं. एखाद्या घरी एकदा चोरी झाली की तिथला कुत्रा नंतर दूधवाल्यावरही भुंकायला लागतो. भुंकणं खोटं नसतं, फक्त प्रत्येक वेळी दारात चोर नसतो. मज्जासंस्थेचं तसंच होतं. वर्षानुवर्षं दुखण्याचे संदेश वाहून ती इतकी हळवी होते की भरलेलं मूत्राशय, गॅस, घट्ट कपडे, साधी पाळीसुद्धा तिला धोका वाटते. डाग काढून टाकले तरी ही सवय लगेच मोडत नाही. म्हणूनच ऑपरेशन ‘यशस्वी’ होऊनही बाई दुखतंय म्हणते. यात ढोंग नाही, आणि हे मनाचे खेळही नाहीत.

यावरचे उपाय वेगळे. दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात. त्यांना सैल सोडायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. अशा वेळी यूट्यूबवर बघून केगेलचे व्यायाम करू नयेत. ते स्नायू आवळण्याचे असतात आणि आधीच आवळलेल्या स्नायूंचं दुखणं त्यांनी वाढू शकतं. पोटापर्यंत सावकाश श्वास, बालासन, रोजचं चालणं यांचा उपयोग होतो. बद्धकोष्ठ राहू देऊ नये. गरम पाण्याची पिशवी खरंच काम करते, फक्त कपड्यावरून शेकावं, कारण रोजच्या जास्त शेकाने त्वचेवर जाळीदार काळे डाग उठतात.

अमिट्रिप्टिलिनसारखं औषध कधी अगदी कमी मात्रेत देतात. माहिती वाचून घरचे ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणतात. ती इथे मज्जातंतूंचं दुखणं शमवण्यासाठी दिलेली असते. गॅबापेंटिनचाही पूर्वी बराच वापर होई, पण दुर्बिणीने पाहूनही कारण न सापडलेल्या ओटीपोटदुखीवर ते उपयोगी नाही असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. म्हणून जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालवू नये. समुपदेशनाने डाग जात नाहीत, पण दुखण्याबरोबर आलेली धास्ती, निद्रानाश आणि एकटेपणा कमी होतो, आणि त्याने दुखणंही खाली येतं.

इंदुरात कुठे आणि पैशाचं काय

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांपासूनच करायची. सरकारीत एमटीएच, म्हणजे महाराजा तुकोजीराव होळकर महिला चिकित्सालय, आणि पी. सी. सेठी रुग्णालय आहे. आतड्याचं किंवा मूत्रमार्गाचं गुंतागुंतीचं काही असेल तर एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात इतर विभागही हाताशी असतात. खासगीत जाताना पाटी बघून न जाता फोनवर विचारावं की डॉक्टर एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रिया नियमित करतात का. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडीतली सोनोग्राफी आणि महिन्याच्या गोळ्या खिशातूनच येतात. म्हणून दीर्घकाळ घ्यायची गोळी लिहून देताना स्वस्तातला पर्याय आहे का हे पहिल्याच दिवशी विचारावं. मधेच परवडेना म्हणून औषध सुटतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आणि एवढं मात्र पुढच्या अपॉइंटमेंटवर ढकलू नये. एका बाजूला अचानक उठलेली असह्य कळ आणि उलट्या, कारण गाठ फुटलेली किंवा बीजकोषाला पीळ पडलेला असू शकतो. ओटीपोटदुखीबरोबर ताप. पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं, चक्कर किंवा खांद्यात कळ, कारण गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव. यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी त्याच वेळी इमर्जन्सी गाठायची, आणि जाताना जुन्या रिपोर्टांची फाइल सोबत घ्यायची.